आठ बाय सत्तावन्न

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं मला एकदाही वाटलं नाही. आज बोलतेय ते प्रेमाने नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच गैरसमज नको. परवा रविवारी सकाळी बोळिंजच्या आमच्या फ्लॅटवर ते वाडीवाले आले होते. वाडीवाले म्हटलं की तुम्हाला कळेल. तुमच्या गिऱ्हाइकांत वाडीवाले शंभर होते, पण उजवा डोळा गेलेले एकच. आता सत्तरी ओलांडलीय त्यांनी. लिफ्ट बंद होती तरी तीन मजले चढून आले, पाणी प्यायले, दम खाल्ला आणि म्हणाले, "बाय, तुझे वडील गेले, माझी बायको गेली. त्या दिवसाचं आता तुला नि मलाच ठाऊक. खरं काय झालं ते एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे, म्हंजे मी सुटलो." त्यांना मी काय सांगितलं ते पुढे येईलच. पण ते गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल कामावर एकच माप तीनदा घेतलं. तुम्ही माझ्या नावावर इतकं काही खपवलंत, आज थोडं तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मनवेलपाड्याच्या चाळीतलं आपलं स्वयंपाकघर मला अजून इंचाइंचाने आठवतं. रविवारची दुपार आहे, जेवणं झालीयत, आई मोरीत भांडी घासतेय आणि तुम्ही फरशीवर जुनं वर्तमानपत्र पसरून त्यावर काडतुसं मांडताय. दारू काढून टाकलेली, नुसती पितळ आणि पुढे बसवलेली गोळी. मी नऊ वर्षांची, समोर मांडी घालून. तुम्ही एक उचलता, "हे?" मी म्हणते, "साडेसहा बाय चौपन्न." "कशाला?" "लहान हरणाला." "हे?" "सात बाय सत्तावन्न. धक्का कमी, सगळ्यांना झेपतं." मग सात बाय चौसष्ट, डोंगरातल्या लांबच्या नेमाला. मग ते जाडजूड नऊ पॉइंट तीन बाय बासष्ट, रानडुकराला आणि त्याहून दांडग्या जनावराला. बुडाला काठ असलेली काडतुसं मधून मोडणाऱ्या बंदुकांना, बिनकाठाची बोल्टवाल्या रायफलींना. बाकीच्या मुली पाढे म्हणायच्या, मी हे म्हणायची. एक चुकलं की तुम्ही काडतुसाने माझ्या गुडघ्यावर टकटक करायचात, जोरात नाही, पण आईला ऐकू जाईल इतपत. तुमच्याजवळ एक जर्मन कॅटलॉग होता, त्यातलं अक्षर तुम्हाला वाचता येत नव्हतं, नुसती चित्रं आणि आकडे बघून तुम्ही विद्वान झाला होतात. युरोपातल्या रो नावाच्या हरणाचं वजन तुम्हाला किलोमध्ये पाठ होतं. आणि जन्मात तुम्ही एक चिमणीसुद्धा मारली नव्हतीत. शिकारीवर बंदी आल्यावरच तुम्ही धंद्यात पडलात, मारणार तरी काय म्हणा. पण बोलायचात असे, जणू कालच कुठल्या तरी बर्फाच्या डोंगरातून खाली उतरलाय. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं. माझ्या वर्गात कुणाच्याच वडिलांना एवढं काही येत नव्हतं.

तुम्हीच शिकवलंत की पहिला आकडा गोळीच्या जाडीचा आणि दुसरा पितळेच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये. आणि लगेच हेही शिकवलंत की आकड्यावर विश्वास टाकायचा नाही. आकडा म्हणजे नुसतं आडनाव, असं म्हणायचात. एका आडनावाची दोन माणसं एका घरातली असतीलच असं नाही. आठ बाय सत्तावन्नच्या बाबतीत तर तुम्ही मला दहा वेळा बजावलं होतं. हे काडतूस दोन तऱ्हेचं येतं, जुनं आणि नवं. पितळ तेच, लांबी तीच, शेजारी शेजारी ठेवली तर नुसत्या डोळ्याला फरक दिसत नाही. पण जुन्याची गोळी जरा बारीक, नव्याची जरा जाड, फरक म्हणाल तर दोन केसांचा. नव्यात दारूचा जोरही जास्त. जुन्या रायफलीत नवं काडतूस सुरळीत बसतं, बोल्ट बंद होतो, कुठे काही अडत नाही. चाप ओढला की मग कळतं, कारण जाड गोळीला बारीक नळीतून जायला जागा नसते आणि मागचा जोर कुठेतरी बाहेर पडतोच. म्हणून जर्मन रायफल आली की आधी नळी मोजायची, मग काडतुसाची गोष्ट. हे मी तुमच्याच तोंडचं सांगतेय, बाबा. माझ्या पदरचा एक शब्द नाही यात.

वसईच्या बाजारगल्लीतलं आपलं दुकान केवढं ते, पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे माझं टेबल. येणारी गिऱ्हाइकं म्हणजे पिकं राखायला बंदूक ठेवणारे शेतकरी, बँकांचे पहारेकरी, आणि वर्षाकाठी चार-पाच अशी घरं जिथे आजोबांच्या काळातली एखादी विलायती रायफल पेटीत पडलेली. त्या चार-पाच घरांवर तुमचा खरा जीव. मी टर्नरचा कोर्स करून आले तेव्हा तुम्ही मला कामाला घेतलंत आणि मी खूश झाले, तेही खरं. मोजमाप सगळं माझ्याकडे आलं. शिशाची मऊ गोळी नळीच्या तोंडाशी ठेवायची, लाकडी दांड्याने हळूहळू ठोकत दुसऱ्या टोकाला काढायची, आणि तिच्यावर नळीचा जो ठसा उमटतो तो मायक्रोमीटरने मोजायचा. अर्ध्या तासाचं काम. पण तुमचा एक नियम होता, गिऱ्हाइकासमोर कधी मोजायचं नाही. डॉक्टर पेशंटसमोर पुस्तक उघडून बसत नाही, म्हणायचात. रायफल ठेवून घ्यायची, संध्याकाळी शटर ओढल्यावर मला विचारायचं, "किती आलं?" आणि दुसऱ्या दिवशी माणूस आला की नळीत नुसतं डोकावल्यासारखं करून माझा आकडा सांगून टाकायचा. लोक तोंडात बोटं घालायचे, ह्यांच्या नजरेतच माप आहे म्हणायचे. माप पडद्यामागे बसलेलं असायचं, चष्मा लावून, हाताला तेल लागलेलं.

एकदाच मी तो नियम मोडला. एक निवृत्त साहेब आले होते, तुम्ही त्यांना काहीतरी पॉइंट चुकीचा सांगितलात आणि मी पडद्याआडून बरोबर आकडा सांगितला, अगदी साध्या आवाजात. साहेब हसले, म्हणाले, "कन्या हुशार आहे." तुम्हीही हसलात. मग ते गेल्यावर मायक्रोमीटर माझ्या हातातून काढून घेतलात, डबीत ठेवलात, डबी कपाटात आणि कपाटाची किल्ली खिशात. "दुकान तुझं आहे का?" एवढंच विचारलंत. चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. घरी पाणी हवं असलं तरी आईला सांगायचात, तिला सांग पाणी दे. आई म्हणाली, "असू दे गं, त्यांना त्याच्यातच आनंद. तुझं काय जातंय?" माझं काय जात होतं ते तिला कधी समजलं नाही, आणि समजावून सांगण्याइतकं मलाही तेव्हा कळलं नव्हतं. पाचव्या दिवशी डबी माझ्या टेबलावर होती, माफी वगैरे काही नाही. ते तुमच्या शब्दकोशातच नव्हतं.

वाडीवाल्यांची रायफल त्यातलीच, जर्मन, युद्धाच्या आधीची. त्यांच्या आजोबांना परत मायदेशी निघालेल्या कुणा गोऱ्या साहेबाने दिलेली. जुनं किरिस्ताव घर, इकडे केळीची वाडी, आणि तुंगारेश्वरच्या पायथ्याशी थोडी भातशेती, तिथे डुकरं उच्छाद मांडायची. लायसन होतं, परवानगीचा कागद होता, काडतुसं तेवढी नव्हती. बाहेरून माल येणं बंद झालेलं, आठ बाय सत्तावन्न कुठे मिळेना. आठ महिने तो माणूस दुकानाच्या पायऱ्या चढत होता आणि तुम्ही प्रत्येक वेळी "बघतो" म्हणत होतात, आणि प्रत्येक "बघतो"ला तुमचा चेहरा उतरायचा. ज्याला सगळं माहीत त्याच्याकडे माल नाही, हे तुम्हाला सहन होत नव्हतं. मग एका जुन्या शिकाऱ्याच्या घरून तुम्हाला वीस काडतुसांचा एक डबा मिळाला. त्या संध्याकाळी तुम्ही घरी जिलबी आणलीत. जिलबी. आमच्या वाढदिवसाला तुम्हाला कधी आठवली नाही ती.

वाडीवाल्यांनी रायफल आधीच आणून ठेवली होती, गंज काढून साफ करायला, आठवडाभर ती दुकानातच होती. ते घ्यायला आले तेव्हा तुम्ही ती काउंटरवर आडवी ठेवलीत, नळीत डोकावलात आणि म्हणालात, "हिला मी ओळखतो. तुमच्या आजोबांच्या वेळी हिचा दस्ता मीच बदलला होता. नवी नळी आहे, नवी काडतुसं. डोळे मिटून घाला." डोळे मिटून. तुमचे शब्द आहेत हे. आणि तुमच्या स्वतःच्या हाताने डबा त्यांच्या हातात दिलात. ना मला विचारलंत "किती आलं?" ना पडद्याकडे बघितलंत. तीन दिवसांनी ते शेतावर गेले, नेम बरोबर आहे का बघायला ताडाच्या एका वठलेल्या बुंध्यावर पहिली गोळी झाडली. नळी शाबूत राहिली, पण मागे पितळ फुटलं, आणि आग नि तुकडे बोल्टच्या बाजूने मागे आले. नेम धरताना माणसाचा उजवा डोळा तिथेच असतो, वीतभर मागे. डोळा वाचला नाही. गालावर दारूचे काळे ठिपके अजून आहेत, परवा खिडकीजवळ बसले होते तेव्हा मला एक एक मोजता आला असता.

त्या संध्याकाळी आपण परत त्याच स्वयंपाकघरात होतो. आई भाकऱ्या थापत होती आणि तुम्ही माझ्यासमोर जमिनीवर बसलात, मी लहान असताना बसायचात तसे. तुमचा आवाज एवढा मऊ मी त्याआधी ऐकला नव्हता. "हे बघ पोरी, फळीवर दोन डबे होते, एक जुना, एक नवा. तू चुकून दुसरा उचलून दिलास, असं म्हणायचं. तुझ्या नावावर लायसन नाही, तुझं काय वाकडं होणार? दोन शब्द बोलतील. माझं लायसन गेलं तर आपण तिघांनी खायचं काय?" दोन डबे नव्हतेच. जुन्या काडतुसाचा एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका होता, तो तुम्ही फळीवर नेऊन ठेवलात, त्यात चार सुटी काडतुसं टाकलीत, आणि झाले दोन डबे. मी आईकडे बघितलं. तिने भाकरी उलटली. मग मी "बरं" म्हणाले. सत्तावीस वर्षांची घोडी होते मी, कुणी माझ्या डोक्यावर बंदूक धरली नव्हती. पोलीस ठाण्यात एका साहेबाने मला खुर्ची दिली, सगळं लिहून घेतलं आणि तुम्हाला म्हणाला, "बाईमाणसाला कशाला बसवता असल्या कामाला?" तुम्ही मान खाली घातलीत. खाली घातलेल्या त्या मानेत केवढी सुटका होती ते मला बाजूने दिसत होतं. पुढे तुमचं लायसन वाचलं. वाडीवाल्यांनी तक्रार लावून धरली नाही.

इथे थांबला असतात तर मी कदाचित विसरलेही असते. घरासाठी केलं, संपलं. पण तुम्हाला त्या गोष्टीची गोडी लागली. महिना-दोन महिन्यांत ती तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायला लागलात. आधी हळहळत, मग जरा रंगवून, मग चक्क हसत. "पोरगी होती हाताखाली. हा डबा घ्यायचा तर तो घेतला. बायकांचं सगळं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे." मी पडद्यामागे बसलेली असताना सांगितलंत हे. माझ्या कानावर पडतंय हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर आवाज चढवायचात. शेवटी शेवटी तुमचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. खोटं बोलणारा माणूस निदान मनात तरी खरं जपून ठेवतो, तुम्ही तेवढीही तसदी घेतली नाहीत. वर्षभरात मला टेबलावरून उठवलंत, "लोक बिचकतात" म्हणालात, आणि माझ्या जागी बाहेरचा एक माणूस ठेवलात. तो गिऱ्हाइकासमोर सरळ शिसं ठोकून मोजायचा आणि तुम्ही शेजारी उभे राहून कौतुकाने सांगायचात, आमच्याकडे आता पक्कं काम असतं. आजही ते आठवलं की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं, आणि मी आपटते.

मग मी वालीवला लागले. पंपांचे बुश बनवणारा छोटा कारखाना, तिथे तयार माल तपासायचा, आतलं भोक बरोबर मापाचं आहे का बघायचं. तीस वर्षं तेच करतेय, नशीब बघा, आयुष्यभर भोकंच मोजतेय. पण तिथे मी नाही म्हटलं की माल जात नाही. मालक येऊन आरडाओरडा करतो, गाडी उभी आहे म्हणतो, मी लाल शिक्का मारते आणि डबा उघडून जेवायला बसते. एका नव्या सुपरवायझरला कुणीतरी वसईतलं ते पुराण सांगितलं, तर तो हसत म्हणाला, "मॅडम, आपने तो एक आदमी की आँख उडा दी थी ना?" मी त्याचा अख्खा लॉट परत पाठवला, आणि लॉट खरोखरच खराब होता, हे माझं भाग्य. लग्नानंतर सासरीही ती गोष्ट माझ्या आधी पोचली होती. बघा, तुमचा शब्द किती लांबवर चालायचा.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा शेवटचे अठरा दिवस मीच बसत होते. कुणाला वाटेल केवढी माया. मी वाट बघत होते, बाबा. म्हटलं आता बोलेल, आता माणूस खरं बोलेल, एक वाक्य तर म्हणेल. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक आले, बंदुकांचा विषय निघाला, आणि ऑक्सिजनची नळी बाजूला करून तुम्ही त्यांना सांगायला लागलात, "ही आमची मुलगी, हिच्या हातून एकदा..." मी उठून व्हरांड्यात गेले. परत आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटत होतात, मी वाकून कान जवळ नेला. पंखा कमी कर, एवढंच म्हणत होतात. मी पंखा कमी केला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात आणि मी रडले नाही, लोकांनी त्यावरूनही मला धीराची म्हटलं.

तर परवा वाडीवाल्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. दोन डबे नव्हते, डबा तुम्ही दिलात, न मोजता दिलात, आणि खापर माझ्यावर फोडलंत. आयुष्यभर मनात घोकलेली वाक्यं, एकही अडखळलं नाही. मला वाटलं होतं ऐकून ते हादरतील. ते शांतपणे म्हणाले, "डबा त्यांनी दिला ते मला ठाऊक हाय. मी समोर उभा होतो ना. तवा मला दोन डोले होते." मग म्हणाले, तुम्ही इस्पितळात त्यांना भेटायला गेला होतात, हात जोडलेत, मुलगी स्वतःहून चूक आपल्या नावावर घ्यायला तयार आहे, तिचं मन मोडू नका म्हणालात. "मला वाटला तुझ्या मर्जीनं चाललाय. म्हून मी गप रेलो. मला काय, डोला तर गेलाच होता." म्हणजे ज्या एका माणसाचं तोंड चुकवत मी तीस वर्षं वसईच्या बाजारात वेगळ्या गल्लीने गेले, मासळी घ्यायला विरारला जात राहिले, त्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तुम्ही माझा डोळा नाही घेतलात, पण बाकी काय ठेवलंत? एवढी वर्षं मी तुमच्यावर रागावलेय असं मला वाटत होतं. परवा कळलं की तो नुसता सराव होता.

मला वाटलं आता ते उठतील. उठले नाहीत. टोपी हातात फिरवत म्हणाले, "पन बाय, त्या दिवशी तू काय तरी सांगत होतीस. पडद्यातून भायेर आली होतीस. बाबा, नली, असा काय तरी बोललीस, मग ते तुला काय तरी बोलले नि तू आत गेलीस. येवढाच मला कधी कललं नाय. काय सांगत होतीस तू?" मी म्हणाले, आठवत नाही काका, फार वर्षं झाली. ते म्हणाले, असेल. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुम्ही कधी ठेवला नव्हता.

मला आठवतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, पाठवायला पत्ताच नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. रायफल साफ करायला आठवडाभर माझ्याकडे होती, मी ती मोजल्याशिवाय कशी सोडेन? आदल्या दिवशीच शिसं ठोकून बघितलं होतं. आठ पॉइंट शून्य आठ. जुनी, बारीक नळी. संध्याकाळी तुम्ही विचाराल म्हणून थांबले, तुम्ही त्या डब्याच्या आनंदात विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही "डोळे मिटून घाला" म्हणालात तेव्हा मी बाहेर आले आणि म्हणाले, बाबा, नळी. पुढचं तुम्ही बोलू दिलं नाहीत. "चहा टाक," म्हणालात, त्यांच्यासमोर, माझ्याकडे न बघता. आणि मी आत जाऊन चहा टाकला. भीती वाटली असं आजवर स्वतःला सांगत आले, तेही पूर्ण खरं नाही. स्टोव्हसमोर उभी राहून मी मनात म्हटलं, जाऊ दे. आठ दिवसांनी हा माणूस डबा घेऊन परत येईल, गोळी नेमावर लागत नाही म्हणेल, आणि चारचौघांत तुमची चांगली जिरेल. फुटेल हे तुम्ही मला शिकवलं होतं, पण तेव्हा मला ते आठवायचं नव्हतं. मी कप घेऊन बाहेर आले, त्यांच्यासमोर ठेवला, डबा शेजारीच होता. पंधरा मिनिटं ते तिथे बसून चहा पीत होते, बाबा, आणि मी त्यांना फक्त साखर बरोबर आहे का एवढंच विचारलं.